निःशब्दतेचे दहा गुण

संगणकाचे ते कॅबिनेट एका धुतलेल्या चादरीत गुंडाळून आणलेले होते. आणणाऱ्याने ते दोन्ही हातांवर असे आडवे तोलून धरले होते की, दार उघडणाऱ्या, परीक्षकांच्या पुतणीला क्षणभर वाटले, याच्या हातांवर कुणी निजलेले आहे.

"इथंच ना कॉम्प्युटर तपासतात?"

"तपासतात, पण दुरुस्त नाही करत. दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर आहे. पिवळं शटर."

"दुरुस्त नाही करायचं. तपासायचंच आहे."

"काका कुणी घरून आणलेलं मशीन घेत नाहीत हो. ते बाजारातून नवं आणून तपासतात."

"ठाऊक आहे. त्यांचं सगळं वाचलंय मी. वाचलंय म्हणून तर आलोय."

आतल्या टेबलाशी बसलेल्या परीक्षकांनी हे शेवटचे वाक्य ऐकले. वाचून आलेला मनुष्य सहसा आनंदाने बोलतो. या स्वरात आनंद नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हटले, "येऊ दे त्यांना आत."

परीक्षकांचे वय अडुसष्ट होते. एका तंत्रशाळेची प्रयोगशाळा एकतीस वर्षे सांभाळून ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून घराच्या या पुढच्या खोलीत ते एकच काम करीत आले होते. जे लोक आपला संगणक सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जोडतात, त्यांच्यासाठी कॅबिनेट, आतली उष्णता काढणारा कूलर आणि वीज पुरवणारा पॉवर सप्लाय यांची पारख करून ती आपल्या संकेतस्थळावर लिहिणे. कंपनीने भेट पाठवलेली वस्तू ते न उघडता परत करीत. प्रत्येक चाचणी तीनदा घेत. कॅबिनेटच्या जाळीवर रेशमाचे पिवळे दोरे बांधून वारा कोठून आत येतो आणि कोठून बाहेर पडतो हे ते तासन्‌तास पाहत बसत. त्यांच्या परीक्षणाच्या तक्त्यात पाच रकाने होते: उष्णता, आवाज, वीज, बांधणी आणि स्वसंरक्षण. प्रत्येकाला दहा गुण. या पाचव्या रकान्यावर त्यांचा विशेष जीव होता. भार असह्य झाला, तर यंत्राने स्वतःला आणि घराला जाळू न देता तत्क्षणी बंद व्हावे, ही त्यांची कसोटी. "उत्तम यंत्राला केव्हा मरावे हे कळते," असे त्यांनी एकदा लिहिले होते, आणि ते वाक्य जोडणाऱ्यांच्या तोंडी झाले होते.

आलेल्या माणसाने कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवले. चादर सोडली नाही.

"मी प्लंबर आहे," तो म्हणाला. "हे मी जोडलंय. सव्वा वर्ष झालं."

"बसा आधी. काय त्रास देतंय?"

"बंद पडलं. एकदाच." तो बसला नाही. "सर, तुम्ही एवढंच सांगा, चूक माझ्या हाताची की वस्तूची? बाकी मला काही नको. आमच्या घरी हा निकाल लागल्याशिवाय कुणी कुणाशी बोलणार नाही."

मग उभ्यानेच त्याने जे सांगितले, ते असे.

त्याला एकच मुलगी होती. सव्वीस वर्षांची. स्नायू झिजत जाण्याच्या आजाराने तिचे सर्व शरीर एकेका अवयवाने तिच्या हातातून निसटले होते आणि शेवटी डोळे तेवढे उरले होते. पलंगासमोर संगणकाचा पडदा, पडद्याखाली कॅमेरा. ती ज्या अक्षराकडे पाही ते अक्षर उमटे, आणि यंत्र ते शब्द मोठ्याने बोले. घंटेच्या चित्राकडे पाहिले की घरभर घंटा वाजे.

"आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो," प्लंबर म्हणाला. "पलंगावरून सगळं घर चालवायची. मी सिगरेट काढली की आतून मशीन ओरडायचं, बाबा, वास येतोय. नाक शाबूत होतं ना."

पुतणीला हसू आले आणि तिने ते आवरले.

"जुनं मशीन फार घरघरायचं. दिवसभर तिच्या कानाशी. एकदा म्हणाली, बाबा, हा पंखा तुमच्यासारखाच आहे, काम थोडं आणि बडबड जास्त. मग ठरवलं, हिला शांत मशीन करून द्यायचं. दुकानदारावर भरवसा नव्हता. तुमची परीक्षणं वाचली. सहा महिने वाचत होतो. आवाजाच्या रकान्यात तुम्ही ज्याला दहापैकी दहा दिलेत, तेच सगळं घेतलं. आणि खरंच सर, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं लिहिलं, चालू केलंय का?"

घशात कफ अडकला की तो नळीने ओढून काढावा लागे. डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, घंटा वाजल्यापासून पाच मिनिटे हातात आहेत. नळ्यांचे काम आपलेच म्हणून तो ते करी. त्या दुपारी बायको औषधे आणायला गेली होती. तो शेजारच्या खोलीत स्टुलावर बसून एका नळाचा वायसर बदलत होता. दार अर्धे उघडे होते. घंटा वाजली नाही. बायको परत आली, पलंगाशी गेली, आणि तिला दिसले की पडदा काळा आहे.

"बायको म्हणते, तुम्ही बाजूच्याच खोलीत होता. मशीन बंद पडल्याचं ऐकू कसं आलं नाही? म्हणते, कुठल्याच कामात तुमचं लक्ष नसतं, जोडतानाही नसणार. आता भावाकडे गेलीये." त्याने चादरीच्या टोकाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तिचं खरं असेल तर खरं. पण कळायला हवं."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, "चार दिवस द्या. जे निघेल ते सांगेन. तुमच्या बाजूनं निघालं तरी, आणि विरुद्ध निघालं तरी."

"त्यासाठीच तर आलो," प्लंबर म्हणाला.

तो गेल्यावर पुतणीने काचेची बाजू उघडली आणि ती चकित झाली.

"काका, हे तर आपलं आहे!"

खरेच तसे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी याच कॅबिनेटचे, याच कूलरचे आणि याच पॉवर सप्लायचे एकत्र परीक्षण केले होते. परीक्षणाच्या मथळ्यावर पुतणीने काढलेले छायाचित्र होते. ते इतके देखणे उतरले होते की लोकांनी ते आपापल्या पडद्यांवर लावले. या प्लंबरने ते छायाचित्र समोर ठेवूनच यंत्र जोडले असावे. तारा त्याच वळणाने गेल्या होत्या. काळे पट्टे त्याच जागी आवळलेले होते. इतकेच काय, मागच्या जाळीच्या वरच्या कोपऱ्यात रेशमाचा एक पिवळा दोरा बांधलेला होता.

"हा दोरा..." पुतणी म्हणाली. "हा आपण काढायला विसरलो होतो. फोटोत राहिला होता तसाच. त्यांना वाटलं असेल, हाही लागतो."

परीक्षकांनी तो दोरा बोटाने हलवला. आपल्या हातून राहून गेलेली वस्तू दुसऱ्याने इतक्या श्रद्धेने बांधलेली पाहून त्यांना आत कोठेतरी लाज वाटली. पण ती कशाची, हे त्यांना अजून कळले नव्हते.

तीन दिवस चाचण्या चालल्या. पॉवर सप्लाय लाकडी पेटीत घालून, पेटी तापवून, त्याच्यावर सोसवेल तितका आणि मग सोसवणार नाही इतका भार टाकला. तो क्षणात बंद झाला आणि थंड झाल्यावर निमूटपणे पुन्हा सुरू झाला. पंखे निर्दोष. तारांची एकही जोडणी सैल नाही. बांधणीत परीक्षकांना स्वतःला जमले नसते इतके नेटकेपण. कूलरचा पंप प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला, त्यातून दोन नळ्या रेडिएटरकडे गेलेल्या; पाणी पंपातून रेडिएटरला जाई, तेथे पंख्यांनी निवे आणि परत येई. तेही बिनबोभाट चालले होते. यंत्र दिवसभर टेबलावर चालत राहिले आणि तापमान एका रेघेवर स्थिर राहिले.

"म्हणजे काहीच सापडत नाही," पुतणी म्हणाली. "मग ते बंद का पडलं?"

"कुठेतरी पाणी मुरतंय. ते टेबलावर कसं ठेवलंय आपण?"

"आडवं. त्यांनी ठेवलं तसंच. उघडायला सोपं म्हणून."

"त्यांच्या घरी कसं असेल?"

"उभं, आणखी कसं?"

परीक्षकांनी यंत्र उभे केले. थोड्याच वेळात पंपाच्या पोटातून एक बारीक गुळगुळ आली, तहानलेल्या गळ्यातून यावी तशी, आणि थांबली. मग तापमानाची रेघ चढू लागली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. यंत्र मेले ते अगदी वेळेवर. प्रोसेसरला ओरखडाही न उमटू देता. स्वसंरक्षणाचे दहा गुण त्याने पुन्हा एकदा मिळवले होते.

परीक्षक उठले नाहीत. काचेतून ते आत पाहत होते. पंप मध्यावर. रेडिएटर तळाशी. अशा बंद कूलरमधले पाणी महिन्यागणिक किंचित घटते, आणि त्याची जागा हवा घेते. हवा चढते ती सर्वांत उंच जागी. रेडिएटर वर असेल, तर ती तेथे निरुपद्रवी पडून राहते; रेडिएटर खाली असेल, तर ती पंपात येऊन बसते आणि पंप कोरडा फिरतो. हे त्यांनीच लिहिले होते. "रेडिएटर सदैव पंपाच्या वर असावा." त्याच परीक्षणात, सातव्या परिच्छेदात. सगळी मापेही त्यांनी रेडिएटर वर ठेवूनच घेतली होती.

"पोरी," ते म्हणाले, "तो फोटो काढताना रेडिएटर खाली कुणी आणला?"

पुतणीने काचेवरून हात काढला. "मी. वर असताना पंख्यांचे दिवे काचेतून दिसत नव्हते. मी तुम्हाला विचारलं होतं, काका."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, फोटोपुरतं असू दे. छान दिसतंय."

दहा मिनिटांचे काम होते ते. छायाचित्र काढून झाले आणि रेडिएटर पुन्हा वर गेला. आपल्याच हस्ताक्षरातील चूक जशी आपल्याला दिसत नाही, तसे ते चित्र त्यांनी पुढे किती वेळा पाहिले आणि त्यात त्यांना कधी काही दिसले नाही. दिव्याखालचा अंधार दिव्याला दिसत नाही, हे वाक्य ते तंत्रशाळेत मुलांना सांगत असत.

पुतणी म्हणाली, "काका, एक बोलू? पंप बिघडला होता असं सांगा ना त्यांना. तसं अगदीच खोटं नाही. पंप बंद पडलाच की. त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. त्याची बायको घरी येईल. आपलंही..."

"आपलंही काय?"

ती काचेवरचा बोटाचा ठसा पुसू लागली.

"पंप निर्दोष आहे," परीक्षक म्हणाले. "बिचाऱ्यानं हवा ढकलायची पराकाष्ठा केली असेल. त्याच्यावर आळ घ्यायचा? आणि उद्या त्या माणसानं दुसरा पंप आणून तस्साच बसवला तर?"

"आता कुणासाठी बसवेल तो, काका?"

त्यांनी फक्त म्हटले, "तो फोटो आजच काढून टाक. आणि त्याच्या जागी काय झालं ते लिही. माझ्या नावानं. तुझं नाव कुठे येता कामा नये."

"दिवे दिसायला मलाच हवे होते, काका."

"आणि छान मी म्हणालो."

पाचव्या दिवशी सकाळी प्लंबर आला. परीक्षकांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. त्यांनी काही लपवले नाही, काही सजवले नाही. आडवे यंत्र, उभे यंत्र, हवा, सातवा परिच्छेद, छायाचित्र, दिवे. शेवटी म्हणाले, "तुमच्या हाताची चूक नाही. वस्तूचीही नाही. चूक माझी आहे. मी लिहिलं एक आणि दाखवलं दुसरं. तुम्ही दाखवलं ते केलंत. हे मी सहीनिशी लिहून देतो, घरी दाखवा."

प्लंबर खाली पाहत होता. सुटल्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर आला नाही.

"तो सातवा परिच्छेद मी वाचला होता, सर."

"वाचला होता?"

"पाठ होता. आणि वाचायची गरजही नव्हती हो. हवा वर चढते, हे मला बारा वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे. बापानं पहिलं शिकवलं ते हेच. लाईनमध्ये हवा धरली की पाणी येत नाही, मग वरच्या टोकाचा नळ सोडायचा. आयुष्यभर लोकांच्या गच्च्यांवर जाऊन तेच केलं. तुमचा फोटो पाहिला तेव्हा पहिल्यांदा मनात तेच आलं. म्हटलं, हे उलटं आहे."

"मग?"

"मग म्हटलं, तू कोण रे? नळ आवळणारा. एवढा जाणता माणूस तीन-तीनदा तपासून घेतो, तो चुकेल? कॉम्प्युटरचं पाणी वेगळं असेल. लिहिताना माणूस कधी चुकतो, पण हे तर त्यांनी स्वतः करून दाखवलंय." त्याने वर पाहिले. "दोनदा रेडिएटर वर लावला होता मी. दोनदा काढून खाली आणला. तुमच्यासारखं व्हावं म्हणून."

शब्दापेक्षा प्रत्यक्ष बलवान, हे शास्त्र परीक्षकांनी जन्मभर मानले होते. त्याच शास्त्राने हा माणूस आपल्या हातांचे ज्ञान बाजूला ठेवून त्यांच्या मागे आला होता.

तरीही त्यांनी कागद लिहिला. नेहमीच्या तक्त्यावर, पाच रकाने आखून, आणि खाली एक ओळ: दोष परीक्षकाचा. प्लंबरने तो वाचला, पेन मागून घेतले आणि जाड, गोल अक्षरांत खाली लिहिले: जोडणाऱ्याला माहीत होते. मग घडी करून खिशात घातला.

"आता हे तिला दाखवतो. माझ्या बाजूनंच दाखवलं तर ती ओळखेल. बत्तीस वर्षं झाली लग्नाला, माझं खोटं तिला जिन्यावरूनच कळतं."

ते छायाचित्र काढून टाकल्याची सूचना वाचून पुष्कळांची पत्रे आली. कुणी परीक्षकांच्या प्रांजळपणाची स्तुती केली. कुणी लिहिले, म्हातारा चळला. कुणी लिहिले, माझे दोन वर्षे तसेच चालले आहे, काही होत नाही. एका मुलाने एकच ओळ लिहिली होती: पण असंच दिसतं छान. पुतणीने ते पत्र काकांना दाखवले नाही. परंतु त्यांनी ते आधीच वाचले होते.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. प्लंबर बाहेरच उभा होता आणि त्याच्या पुढे त्याची बायको. लहानखुरी, ताठ मानेची बाई. तिच्या हातात तो कागद होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, ताई."

"आणि खालचं यांनी. म्हणजे तुम्ही दोघं." तिने दोघांकडे एकदाच पाहिले. "ठीक आहे. पाण्याचं, हवेचं मला कळत नाही. तुमचं तुम्ही वाटून घ्या. माझं विचारणं वेगळंच आहे आणि त्याचं उत्तर यात नाही. हे बाजूच्या खोलीत होते. ती वस्तू बंद पडली. यांना ऐकू कसं आलं नाही?"

"ती फार शांत..."

"शांत असली म्हणून काय झालं? चालू असलेली वस्तू बंद पडली की कळतं. भिंतीवरचं घड्याळ थांबलं तर मला झोपेत कळतं. मी असते तर मला ऐकू आलं असतं."

परीक्षक हळूच म्हणाले, "मग ऐका, ताई. यंत्र इथेच आहे."

प्लंबर दचकला. "नको, सर."

"का नको?" ती म्हणाली. "तपासतात ना इथं? मला तपासू द्या."

प्लंबरने मापे सांगितली, कारण मापे त्याला विसरता येत नव्हती. पलंगापासून दार नऊ फूट. दारापासून स्टूल अकरा फूट. दार अर्धे उघडे. यंत्र पुढच्या खोलीत उभे केले गेले आणि पुतणीने टेपने मोजून स्वयंपाकघरात स्टूल ठेवले. खिडकी त्या दिवशी होती तशी बंद केली. हातात नळ नको, चित्त तेथे जाईल, असे परीक्षक म्हणाले. म्हणजे तिची परीक्षा नवऱ्याच्यापेक्षा सोपीच होती. बाई स्टुलावर बसली, हात मांडीवर ठेवले, कान दाराकडे केला. यंत्र बंद पडल्याचे ऐकू आले की तिने "हां" म्हणायचे, आणि तोवर कुणी शब्द काढायचा नाही, असे ठरले.

परीक्षकांनी यंत्र सुरू केले आणि ते प्लंबरशेजारी उभे राहिले. पडद्यावर अक्षरांच्या ओळी आल्या. एका कोपऱ्यात घंटेचे चित्र होते. प्लंबरने तिकडे पाठ केली. मग पुन्हा वळून पाहू लागला.

अर्धा तास गेला. पंपातून ती बारीक गुळगुळ आली. पण ती काचेला कान लावणाऱ्यालाच कळेल इतकी होती. पिवळा दोरा जाळीपाशी वाऱ्याने सरळ बाहेर ताणलेला होता. मग, कसलीही सूचना न देता, पडदा काळा झाला, आणि तो दोरा हळूहळू खाली आला.

परीक्षकांनी घड्याळ पाहिले. स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही.

एक मिनिट. दोन. अर्ध्या दारातून बाईचे गुडघे आणि मांडीवरचे हात दिसत होते. ते हात स्थिर होते, ऐकणाऱ्या माणसाचे असतात तसे. तिसऱ्या मिनिटाला प्लंबरने तोंड उघडले. परीक्षकांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. ठरलेले होते म्हणून नव्हे, तर त्यांनाच धरायला काही हवे होते म्हणून. चौथे मिनिट. पाचवे. पाचव्या मिनिटाचा काटा पुढे गेला तेव्हा प्लंबर भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि त्याने गुडघ्यांत डोके घातले. बाईचे हात अजून तसेच होते.

नवव्या मिनिटाला आतून तिचा आवाज आला. अगदी सहज.

"अहो, अजून चालूच आहे ना?"

कुणी उत्तर दिले नाही. उत्तर न येणे, हे मात्र तिला ऐकू आले. स्टूल सरकले. ती दारात येऊन उभी राहिली. तिने काळा पडदा पाहिला, भिंतीशी बसलेला नवरा पाहिला, परीक्षकांच्या हातातील घड्याळ पाहिले.

"कधी?"

"नऊ मिनिटं झाली, ताई."

ती पुढे आली आणि तिने कॅबिनेटच्या माथ्यावर तळहात ठेवला, ताप पाहायला ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला.

"गरम आहे अजून," ती म्हणाली. मग जाळीकडे तिचे लक्ष गेले. "हा दोरा कशाला?"

"फोटोत होता," प्लंबर खालूनच म्हणाला.

तिने तो दोरा सोडवला नाही. "हे इथंच राहू दे," ती परीक्षकांना म्हणाली. "आम्हाला घरी नको. तुम्हाला तपासायला लागेल." यात कडवटपणा नव्हता; आणि म्हणूनच परीक्षकांना मान वर करता आली नाही. आवाजाच्या रकान्यातील त्यांनी दिलेले दहा गुण अचूक होते. आता त्यांना तिची साक्षही मिळाली होती.

ज्या चादरीतून यंत्र आले होते, ती टेबलाच्या कडेला पडली होती. बाईने ती उचलून झटकली. प्लंबर उठला. त्याने समोरची दोन टोके धरली. ही पलंगावरची चादर होती. दिवसातून दोन वेळा, मुलीला कुशीवर वळवून, दोघांनी मिळून बदललेली. त्यांनी ती ताणली, दुमडली आणि घडी घालीत घालीत दोघे एकमेकांजवळ आले. शेवटची घडी तिच्या हातात गेली तेव्हा त्याचे हात रिकामे झाले. ते कोठे ठेवावेत हे त्याला कळेना.

"चला," ती म्हणाली, आणि चादर त्याच्याकडे दिली.